थोडा उशिरा पडणारा ठोका

मित्रांनो, मी एक जुना सॅम्पलर आहे. नाव परकं वाटलं तरी काम सोपं आहे. दार आपटल्याचा, चमचा पडल्याचा, कुठलाही आवाज माझ्यात भरून ठेवा. बटण दाबलं की मी तो जसाच्या तसा ऐकवतो. असे आवाज जुळवून लोक गाणी करतात. दिसायला मी जेवणाच्या डब्याहून जरा मोठा, करडा, आणि अंगभर चौकोनी रबरी बटणं. कडांचा रंग उडालाय, पण त्यावरून कुणी काही बोललेलं मला खपत नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. एका बाईंनी माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं, "हा ठीक आहे" म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. एवढंच काय ते माझं कौतुक.

पुढे मला काकांनी विकत घेतलं. काका घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद झालं की मागच्या खोलीत माझ्यासमोर बसायचे. घड्याळांची टिकटिक, शटरचा खडखडाट, काकूंच्या किल्ल्यांचा जुडगा, सगळं त्यांनी माझ्यात भरलं. "दिवसभर टिकटिक ऐकून कान किटले नाहीत का तुमचे?" काकू विचारायच्या. काका नुसते हसायचे. त्यांची लहानगी पुतणी तिथेच स्टुलावर बसून ऐकत असायची.

एकदा काकांच्या हातून चहा सांडला आणि नेमका माझ्या कोपऱ्यातल्या बटणात गेला. "तरी सांगत होते, साखर कमी घ्या," काकू म्हणाल्या. बटण चिकट झालं. दाबलं की क्षणभर अडायचं आणि मग वाजायचं. काकांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी तेच बटण वाजवत त्यांनी एक धून बांधली. सगळे ठोके वेळेवर आणि हा एकटा जरासा मागून, जिना चढताना कुणी दम खायला थांबावं तसा. गंमत बघा, दिवसभर लोकांची घड्याळं बरोबर लावणाऱ्या माणसाला हा उशीर आवडला. धुनेची रेकॉर्ड निघाली. नाचणारी माणसं त्या ठोक्यापाशी चुकायची, हसायची आणि पुन्हा तीच धून लावायला सांगायची. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

मग काकांची बोटं आखडली. घड्याळं सुटली आणि धूनही. मी पुतणीच्या खोलीत एका फळीवर येऊन पडलो. ती मोठी झाली होती आणि कॉम्प्युटरवर रीमिक्स करायची. म्हणजे दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, त्याचे भाग सुटे करायचे आणि त्यातून आपलं नवं गाणं उभं करायचं. एका कंपनीला काकांची धून पुन्हा काढायची होती, सोबत पुतणीचं रीमिक्स. काकांनी होकार दिला तरच. कंपनीचं सोडा, पुतणीलाच तो होकार हवा होता. गाणं म्हणजे काय, हे ती त्या स्टुलावर बसून शिकली होती.

तिने जीव ओतून काम केलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोक्याच्या नेमक्या वेळेला एक उभी रेघ दिसते. जो ठोका रेघेवरून सरकलेला दिसला, तो तिने ओढून रेघेवर बसवला. सगळ्यात आधी बसवला तो आमचा उशिराचा. फळीवर माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. पण बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

पुतणी ते ऐकवायला काकांकडे गेली; तिथलं सगळं मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज किती स्वच्छ आलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण यात माझं गाणं कुठंय?"

"सगळं तुमचंच आहे की, काका. एक आवाज टाकला नाही मी."

"सामान सगळं माझंच आहे गं. घर ओळखू येत नाही."

नाही म्हणाले नाहीत, होसुद्धा म्हणाले नाहीत. पुतणीचा चेहरा एवढासा झाला. घरी येऊन तिने मला फळीवरून काढलं आणि झटकलं. कॉम्प्युटर नको, सगळं हाताने वाजवून बघू, असं तिच्या मनात आलं असावं. पण कोपऱ्यातलं बटण अडलं, म्हणून ती मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. "ताई, आत साखर बसलीय. आत्ता साफ करून देतो," तो म्हणाला आणि त्याने ब्रश उचलला.

"थांबा." तिने बटण दाबलं. ते अडलं आणि मग वाजलं. तिने पुन्हा दाबलं. मला जे सांगायचं होतं, ते मी सगळं सांगितलं.

"हे साफ करू नका," ती म्हणाली.

"अहो, बटण अडतंय ते."

"म्हणूनच."

या वेळी तिने काकांची जवळजवळ सगळी धून बाजूला काढली. ठेवला फक्त तो एक ठोका, आणि भोवती आपले आवाज मांडले: तिच्या इमारतीची लिफ्ट, पंख्याची घरघर, तिचं स्वतःचं गुणगुणणं. सगळे त्या ठोक्यासाठी थांबायचे आणि तो आला की पुढे निघायचे.

काकांकडे जाताना तिने मलाही सोबत घेतलं. काका ऐकायला बसले. ओळखीचं काहीच येईना, तशा त्यांच्या भुवया वर चढल्या. मग तो ठोका पडला आणि काकांचं आखडलेलं बोट गुडघ्यावर पडलं, त्याच्याइतकंच उशिरा.

"आली बाई यांची साखर," काकू दारातून म्हणाल्या.

काकांचे डोळे भरून आले होते. "पुन्हा लाव," ते म्हणाले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आता पाठव त्या कंपनीला."

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू किंवा दुसऱ्याचं गाणं हातात आलं, तर लगेच सरळ करायला बसू नका. आधी नीट ऐका. मलाही धुळीत टाकू नका, अधूनमधून मऊ फडक्याने पुसा. फक्त कोपऱ्यातल्या त्या बटणाला हात लावू नका. तिथे काकांचा चहा आहे.