वन्संची साक्ष

मोठी चादर एकटीला नीट घडी घालता येत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरत चादर ताणायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकं जुळवायची. जुळवताना नाकासमोर नाक येतं. आमच्या लॉन्ड्रीत माझ्यासमोर यायचं ते माझ्या नणंदेचं नाक, आणि ते मला दिवसभर बघावं लागायचं.

वन्सं ह्यांच्याहून मोठ्या. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. कामाला वाघ. कपडे धुणाऱ्या बायका त्यांना पाठीमागे दुर्बीण म्हणायच्या, कारण कुणाच्या बाहीवर कसला डाग आहे हे त्यांना दारातूनच दिसायचं. आणि त्या कधी खोटं बोलत नसत. हाच त्यांचा सगळ्यात वाईट गुण. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खोटं पाडता येतं.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. पाळी कधी दोन-दोन महिने गायब, आणि आली की नळ तुटल्यासारखी. रात्री झोप नाही. दिवसा मध्येच छातीतून आग उठायची, मानेवरून कानापर्यंत जायची, आणि मग मी घामाने न्हाऊन निघायचे. लॉन्ड्रीत गरम रोलर, वाफेच्या इस्त्र्या, म्हणून सुरुवातीला मी सगळं वाफेवर ढकललं. पण वाफ काही फक्त मला ओळखत नव्हती. समोर वन्सं कोरड्या ठणठणीत उभ्या असायच्या.

"भिजलीस परत," चादर ताणत त्या म्हणायच्या. "धुतलेल्यावर घाम गाळू नकोस. परत धुवावी लागेल."

"मग डोळे मिटून घड्या घाला."

"मी मिटले तर उघडे कुणाचे राहणार? तुझे उघडे असून काय उपयोग?"

हे रोजचंच. मी ते अंगाला लावून घेत नव्हते असं म्हणते, पण घेत होते. आधी मी उलट उत्तर देऊन विसरून जायचे. आता तेच वाक्य दिवसभर डोक्यात घुमायचं आणि संध्याकाळी मी दुसऱ्याच कुणावर तरी फुटायचे.

मग मी एक मोठा टेबलक्लॉथ जाळला. इस्त्री त्यावर ठेवून कशासाठी तरी वळले, आणि कशासाठी वळले तेच आठवेना. ते प्रकरण मिटतंय तोवर नर्सिंग होमचं गाठोडं मी गेस्ट हाउसला पाठवून दिलं. प्रत्येक चादरीवर नर्सिंग होमचा शिक्का. गेस्ट हाउसचा मॅनेजर काउंटरवर येऊन ओरडला, "अहो बाई, पाहुणे विचारतायत, ह्या चादरीवर कोण गेलं?"

"सांगा त्यांना, अजून कुणी नाही," मी म्हणाले. "पहिला नंबर तुमचा लावते."

माझ्यामागे हे उभे होते.

त्या संध्याकाळी ह्यांनी काउंटरच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्या आणि वन्संना दिल्या. "काउंटर मी आणि ताई बघू," म्हणाले. "तू मागे घड्या घाल."

ही लॉन्ड्री आम्ही दोघांनी दोन बादल्या आणि एका उसन्या इस्त्रीवर उभी केली होती. काउंटर माझा. कुणाच्या कॉलरला किती खळ लागते, कुणाच्या कोटाच्या खिशात नेहमी काय राहतं, हे मला विचारायला लोक यायचे. वन्संनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला आणि चालताना तो मुद्दाम वाजवायला लागल्या. निदान मला तरी तो मुद्दाम वाटायचा.

"मला वेड लागलेलं नाही," मी ह्यांना म्हणाले. "माझ्या अंगातच काहीतरी बिघडलंय. मी तपासून घेते."

"घे. काही निघालं तर औषध करू, आणि बरी झालीस की किल्ल्या तुझ्या. काही निघालं नाही, तर मात्र हा विषय परत काढायचा नाही."

"लेखी देऊ का?"

"बघ, हे असं बोलतेस."

बाजारातल्या लॅबवर पाटी होती: महिलांसाठी हार्मोन तपासणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. मी लगेच गेले नाही. वाईट दिवसांत, केस चिकटलेले, डोळे सुजलेले, अशा अवतारात परक्या माणसासमोर हात पुढे करायची लाज वाटली. मध्येच चार दिवस बरे आले. झोप लागली, आग उठली नाही. तेव्हा न्हाऊन, चांगले कपडे घालून गेले. फोटो काढायला जावं तशी.

आणि रिपोर्टही फोटोसारखाच आला. सगळं ठाकठीक, सगळं मर्यादेत.

वन्संनी तो वाचला आणि ओले टॉवेल वाळत घालायच्या तारेवर चिमट्याने लावून टाकला. "बघा गं सगळ्यांनी. हार्मोन ठणठणीत आहेत. म्हणजे जे आहे ते स्वभावात आहे. त्याला औषध नाही."

धुणाऱ्या बायका हसल्या. त्यांतली एक माझ्याकडे बघून लगेच गप्प झाली, ते मला जास्त लागलं.

मी तो कागद काढला नाही. काढला असता तर चिडली म्हणून आणखी एक पुरावा झाला असता. तो तिथेच टॉवेलांमध्ये लोंबकळत राहिला, वाफेने सुरकुतला, आणि मी त्याच्याखालून ये-जा करत राहिले. हे म्हणाले, "झालं ना समाधान? आता विषय संपला."

त्यांचा संपला होता. माझ्या अंगात तो रोज उठत होता.

नर्सिंग होमच्या चादरी पोचवायला मी मुद्दाम स्वतः गेले आणि तिथल्या बायकांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, फटकळ. लॅबमधून मागून नेलेली रिपोर्टची दुसरी प्रत हातात घेतली आणि विचारलं, "हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही. मीच केलं."

"मग मला कशाला दाखवताय? ह्या वयात ही हार्मोन्स आज वर असतात, उद्या खाली. एका दिवसाचं रक्त त्या एका दिवसापुरतं बोलतं. पंचेचाळिशी उलटली की मी बहुतेक वेळा ही तपासणी करतच नाही. बाई काय सांगते त्यावर जाते. सांगा."

"माझी नणंद..."

"नणंद नको. झोप कशी आहे?"

"झोप कशी लागणार? पलीकडच्या खोलीत ती..."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसातून किती वेळा गरम होतं?"

"खूप."

"खूप म्हणजे?"

मला सांगता येईना. कधीपासून, किती वेळ, कशानंतर, रक्त किती जातं, काही सांगता येईना. किल्ल्या जाईपर्यंत वर्षभर मी सगळ्यांना मला काही झालेलं नाही असंच सांगत आले होते. ते सांगता सांगता मीच ते नीट बघायचं सोडून दिलं होतं. आणि डोक्यात तर सारखं धुकं. शेवटी डोळ्यांत पाणी आलं, ते पण रागाने.

"रडा, पण उत्तर द्या," त्या म्हणाल्या. "घरात कुणी आहे का, तुम्हाला दिवसभर बघणारं? नवरा?"

"मी केस कापले तर ह्यांना चार महिन्यांनी कळतं."

"मग दुसरं कुणी?"

मी चपलेकडे बघत बसले. "आहे एक," म्हणाले.

वन्संना सांगताना जीभ जड झाली. "डॉक्टरांना तुमच्याकडून ऐकायचंय. मी कशी वागते ते."

त्यांच्या डोळ्यांत दिवा लागला. "सगळं सांगू?"

"सगळं."

"मग मागाहून वाईट वाटून घेऊ नकोस."

"घेणार."

त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या. किल्ल्या कमरेलाच. खुर्चीत ताठ बसल्या आणि मी तिथे नाहीच अशा सुरात सुरू झाल्या.

"आधी डाव्या कानाखाली लाल होते. मग सगळा चेहरा, मग घाम. जेवणाआधी दोन-तीनदा, जेवणानंतर त्याहून जास्त. कढत चहा प्यायली की हमखास. तरी पितेच. सांगून ऐकत नाही. मग पंख्याखाली उभी राहते आणि थोड्या वेळाने थंडी वाजते म्हणून बाह्या खाली करते."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"रात्री दोनदा तरी मोरीतला नळ वाजतो. कपडे बदलते. उशीचा अभ्रा भिजलेला असतो, तो सकाळी गिऱ्हाइकांच्या धुण्यात लपवते. तिला वाटतं मला कळत नाही. आपले अभ्रे मी ओळखणार नाही? पाळी आली की गडद कपडे घालते, बसताना खाली टॉवेल घेते, आणि उठताना टेबल धरते. डोळ्यांपुढे अंधारी येत असणार, पण विचारलं तर म्हणेल, टेबल पुसत होते. मध्येच छातीवर हात दाबून उभी राहते. शब्द विसरते. परवा इस्त्रीला काय म्हणतात तेच आठवेना. ते गरम द्या, ते गरम द्या, म्हणत राहिली. आणि एकदा बटण तुटलं म्हणून रडली. बटण गिऱ्हाइकाचं!"

"हे कधीपासून?"

"टेबलक्लॉथ जाळला त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासून. त्याआधी नुसती भांडायची. ते भांडण वेगळं होतं. त्यात मजा होती."

मी भिंतीकडे बघत होते. ह्यातलं काही कुणाला दिसत नाही असं मला वाटत होतं. अंगावरचं कापड एकेक करून कुणीतरी काढून घ्यावं तसं झालं. आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात मी म्हणत होते, हो, हो, असंच होतं.

वन्संनी शेवटी हात जोडले. "आता तुम्हीच सांगा, अशा बाईच्या हातात काउंटर द्यावा का?"

"काउंटरचं मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इतकं नीट वर्णन मला पेशंटकडून कधी मिळत नाही. पाळी जायच्या आधीचा हा काळ आहे आणि ह्यांना त्रास बराच जास्त होतोय. स्वभाव नाही हा."

"पण रिपोर्ट?"

"रिपोर्टपेक्षा तुम्ही जास्त सांगितलंत."

चादर ताणताना समोरचीने अचानक टोकं सोडली की माणूस जसा मागे जातो, तशा वन्सं खुर्चीत मागे गेल्या. "आम्हाला नाही झालं असलं काही," एवढंच म्हणाल्या.

"नशीबवान आहात. सगळ्यांना सारखं होत नाही."

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तपासलं. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, पायात रक्ताच्या गाठी वगैरे झालं होतं का, ते विचारलं. रक्त इतकं जातंय म्हणून सोनोग्राफी सांगितली, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगितलं. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं, बाकी काही निघालं नाही. मग लोहाच्या गोळ्या आणि हार्मोनचं औषध सुरू झालं. "लगेच फरक पडणार नाही," त्या म्हणाल्या. "दीड महिन्याने या. आणि ह्या नणंदबाईंना आणा. मी ह्यांचं ऐकणार."

घरी सगळं ऐकून हे म्हणाले, "ठीक आहे. मग किल्ल्यांचं ताई सांगेल तेव्हा."

म्हणजे माझा निकाल वन्संच्या तोंडात.

तो दीड महिना मी कधी विसरणार नाही. चादर ताणली की पलीकडून डोळे माझ्या डाव्या कानाखाली. मी चहा थंड करून प्यायला लागले तर म्हणाल्या, "औषधाने अक्कलही येते वाटतं."

"तुम्हाला देऊ का दोन गोळ्या?"

"मला कशाला? मी तर रिपोर्टशिवाय बरी आहे."

मला झोप लागायला लागली. एकदम नाही, आधी एक रात्र, मग मध्ये गॅप, मग सलग. आग उठायची, पण कानापर्यंत पोचायच्या आधीच विझायची. डोळ्यांपुढची अंधारी कमी झाली. तरी मनात एकच धाकधूक. वन्सं खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. काउंटरवर बसून त्यांनाही आता गिऱ्हाईक नमस्कार करत होतं. कमरेचा जुडगा कुणाला सोडवेल?

डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलंच नाही. वन्संकडे वळल्या. "बोला. काय दिसतं?"

वन्संचा हात किल्ल्यांवर होता. मग दात उपटावा तसं एकेक वाक्य बाहेर आलं.

"झोपते. नळ वाजत नाही. गरम होतं, पण आधीच्या निम्मंही नाही. टेबल धरत नाही. अभ्रे घरच्या धुण्यात टाकते. इस्त्रीला इस्त्री म्हणते."

"आणि चिडचिड?"

"आता ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावरच चिडते. म्हणजे माझ्यावर." त्या उठल्या. "स्वभाव आहे तसाच आहे. तिथे माझंच बरोबर होतं, लिहून ठेवा."

लॉन्ड्रीत परत आल्यावर वन्संनी तारेवरचा कागद काढला, चुरगळला आणि चिमटा झटकून परत तारेला लावला. चिमटा चांगला होता, म्हणून. मग नर्सिंग होमची चादर उचलली आणि दोन टोकं माझ्याकडे फेकली.

आम्ही ताणली. वन्संनी कमरेचा जुडगा सोडला, चादरीत टाकला आणि त्यांची बाजू वर उचलली. किल्ल्या खणखणत माझ्याकडे घसरत आल्या.

"घे. गिऱ्हाईक आहे की डोकेदुखी. त्यात तो गेस्ट हाउसवाला रोज विचारतो, त्या बाई कुठे गेल्या? त्याला तुझ्याच शिव्या खायच्यात."

"किल्ल्यांचा डाग पडेल चादरीला," मी म्हणाले.

"पडला तर मला दिसेल."

मी जुडगा कमरेला लावला. आभार मानायचं मनातही आलं नाही, आणि मानले असते तर त्यांनी परत घेतला असता. आम्ही चालत एकमेकींकडे आलो, टोकं जुळवली. नाकासमोर नाक.

"उद्यापासून काउंटरवर फिरकू नका," मी म्हणाले.

"कोण फिरकतंय? पण अभ्रे बघत राहीन मी."

"बघा."

पुढची चादर मी जरा जास्तच जोरात ओढली. त्यांनी टोकं सोडली नाहीत.