काळ्या कागदातलं रक्त

लकडगंजच्या मैदानात दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मुद्दाम लावलेले नव्हते. गर्दीने धरलेल्या रिंगणात एका टोकाला नेत्रज्योती महाराज उभे होते आणि दुसऱ्या टोकाला पाच वर्षांची एक पोर. अंधारलं की तिला दिसत नसे.

"बेटी, बाबाच्या अंजनानं देवी तुझ्या बुबुळात येऊन बसली! आ जा!" महाराजांनी घुंगरांची काठी आपटली. पोर सरळ चालत गेली आणि तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एकच जयजयकार झाला. देवीला बसायला बुबुळच सापडावं, याचं मला हसू आलं असतं. पण मुलगी ओळखीची निघाली.

तिचं नाव प्रेमिला. पंधरा दिवसांपूर्वी तिची आई सुभद्रा तिला रामदासपेठेतल्या आमच्या दवाखान्यात घेऊन आली होती. मी तिथं रक्त तपासतो. त्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, आमच्याकडे नवं यंत्र आलं होतं. रक्तातून तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं काढायची आणि बारीक नळीतून दाबानं सोडायची. ती एकामागून एक बाहेर पडतात आणि यंत्राचं पेन कागदावर प्रत्येकाची टेकडी काढतं. अ जीवनसत्त्व उजेडानं नासतं, म्हणून रक्ताची बाटली आम्ही काळ्या कागदात गुंडाळतो.

सुभद्रानं ते पाहिलं. "भाऊ, माह्या पोरीचं रगत काळ्या कागदात काहून बांधून राहिले?"

मी घाईत होतो. "तुम्हाला नाही कळायचं, बाई."

तिचा चेहरा उतरला. आपल्या पोरीवर कुणी करणी करतंय, असं तिच्या मनात आलं, हे मला नंतर कळलं. डॉक्टर येण्याआधीच ती पोरीला उचलून निघून गेली. दुपारी कागदावर अ जीवनसत्त्वाची टेकडी जवळजवळ उगवलीच नाही; त्याच्याच उणिवेनं तिला रात्री दिसत नव्हतं. पत्त्याच्या जागी नुसतं 'इतवारी' लिहिलेलं होतं. मी आठवडाभर बोळ धुंडाळले, पण ती सापडली नाही.

महाराजांनी हार घालून घेण्यासाठी काठी बाजूला ठेवली. मी ती उचलली, रिंगणाच्या पलीकडे गेलो आणि एक शब्दही न बोलता आपटली.

पोर वळली. माझ्याकडे चालत आली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "महाराज, मले दिसते."

जयजयकार थांबला. आठ दिवस महाराजांच्या मठात तिला एवढंच शिकवलं होतं: घुंगरू वाजले की तिकडं जायचं. "नास्तिक! पापी!" असं ओरडत महाराज कनातीमागून पसार झाले.

त्याच संध्याकाळी मी मायलेकींना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी पोरीला औषध पाजलं. उजवा डोळा वाचला. डावा मात्र राखेच्या अंजनाखाली कधीच गेला होता.

काळ्या कागदाचं कारण मी सुभद्राला तेव्हा सांगितलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "भाऊ, उजेडानं नासते म्हून तवाच सांगतलं असतं, तर बसली असती ना मी." मला तिच्याकडे बघवलं नाही.

रातांधळेपणा हा देवीचा कोप नाही. ती अन्नातली उणीव आहे. पालक, शेवग्याचा पाला, पपई आणि वेळेवर घेतलेलं औषध यांनी ती भरून निघते. डोळ्यांत राख घालू नका. काही कळलं नाही तर विचारा. आणि आम्हा शिकलेल्यांना कुणी विचारलं, तर आम्ही नीट सांगितलं पाहिजे.

आता बाटली गुंडाळण्याआधी तो काळा कागद मी प्रत्येक आईच्या हातात देतो आणि तो कशासाठी आहे ते सांगतो. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.