पितळी पेल्याची खोटी साक्ष

मी पितळेचा पेला बोलतोय. तळाला भोक असलेला. हसू नका, ते मुद्दाम पाडलंय. विणायच्या आधी सुताला पिठाची खळ लावतात, ती किती घट्ट झाली ते मी सांगायचो. मला काठोकाठ भरायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. बस.

मोजायचा मामा. कारखान्यात खळ शिजवण्यात त्याची हयात गेली. सकाळी आल्या आल्या आधी साधं पाणी ओतायचा. बरोबर दहा. "शुद्धीवर आहेस गड्या," म्हणायचा. मग खळ. तीस.

मग नवा साहेब आला. "मामा, सूत तुटतंय. पीठ दुप्पट घाला. तिसाचे साठ होतील."

"नाही व्हायचे."

"मी करून बघितलंय. पीठ दुप्पट, वेळ दुप्पट."

"ते पाण्यासारख्या पातळात, साहेब. तिथं पिठाचे तंतू सुटे असतात. आपली खळ आधीच दाट. आणखी घातलं की तंतू एकमेकांत गुंततात. आठपट घट्ट होईल."

"शाळा किती शिकलात?"

मामानं दुप्पट पीठ ओतलं.

मी दोनशे चाळीस सांगितले. धार कसली, नुसता थेंब लोंबत होता! मामा चुलीकडं गेला तसा साहेबानं, "तुंबलाय मेला," म्हणत माझ्या भोकात खिळा घालून फिरवला. मोजलं. पुन्हा फिरवला. साठ येईपर्यंत. पितळ त्याचं उघडं पडायचं, तर खरवडलं माझं!

तीच खळ सुताला लागली. सूत वाळून काडीसारखं ताठ, एकाला एक चिकटलेलं. मागावर ताडताड तुटलं. सगळं वाया. मालक धावत आले.

"खळीचं माप बरोबर होतं, मालक. मोजा तुम्हीच," साहेब म्हणाला. "मामांनी शिजवताना हयगय केली."

मालकांनी मोजलं. साठ.

मामानं मला उचलून भोकात काडेपेटीची काडी घातली. पूर्वी एक जेमतेम जायची. आता तीन गेल्या. "मालक, यात साधं पाणी ओतून बघा."

"पाणी कशाला? पेला खोटं बोलतो काय?"

"पेला नाही बोलत," मामा म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढलं.

मी अजून तिथंच भिंतीवर टांगलोय. रोज भरतात, रोज साठ येतात, रोज सूत तुटतं. आता नव्या खळवाल्याला शिव्या बसतात.

अरे, कुणीतरी एक पेला पाणी ओता रे माझ्यात! दहा लागायचे, आता तिनात रिकामा होतो. एवढं बघा, आणि मामाला बोलवा.