नाव उतरवायचं राहिलं

माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर फिरतं, सगळं कबूल. पण त्या दिवशी भावेशचा फोन आला तेव्हा माझ्या जागी एखादी गरीब गाय असती तरी तीही शिंगं उगारून धावली असती.

भावेश माझ्या वर्गातला, आता गावच्या उपसा सिंचन संस्थेचा सेक्रेटरी. तापीतून पाणी उचलून ते पाईपलाईननं शेतापर्यंत न्यायचं, हे संस्थेचं काम. संस्थेचे चेअरमन माझे सख्खे काका, चुनीलाल. आणि काठावरचं पंपघर अकरा वर्षं सांभाळतो तो जामसिंग पावरा, धडगावकडचा. बायकोमुलांसह पंपघरामागच्या दोन खोल्यांत राहतो.

"मयूरी," भावेश म्हणाला, "तू फक्त एक कागद दे. मशीन बरोबर शे, असं कंपनीतर्फे लिखी दे."

"कशाला?"

तेव्हा त्यानं सांगितलं. एप्रिलच्या नऊ, चौदा आणि एकवीस तारखेला, भर दुपारी, पंप बंद पडला होता. चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. पाण्याची पाळी हुकली, शेवटच्या वळणावरच्या केळीबागा दोन-दोन दिवस तहानल्या, झाडं मधूनच मोडून घडांसकट आडवी झाली. लोक भडकले. कमिटीनं जाऊन पंप चालवणाऱ्या पेटीची, म्हणजे कंट्रोलरची, नोंद उघडली, तर तिन्ही वेळा पंप बंद करणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव: जामसिंग. रविवारच्या मीटिंगमध्ये त्यानं लेखी कबुली द्यायची आणि खोल्या सोडून जायचं. नाहीतर मुद्दाम नुकसान केलं म्हणून पोलिसांत तक्रार.

"अरे, अकरा वर्षांत त्या माणसानं कधी एक दिवस दांडी मारली का? तो का बंद करेल?"

"आते ते त्याले माहित."

"तो काय म्हणतो?"

"काय म्हनी? नही म्हनस. चोर कधी हा म्हनस का? आन मशीन कधी खोटं बोलस का? तूच बनायेल शे ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाचं घर उठवायचं, पोरांसकट त्याला बाहेर काढायचं, आणि वर त्याला आधार म्हणून माझंच नाव! कागद मिळणार नाही, असं ठणकावून सांगितलं आणि फोन आपटला.

पण भावेश म्हणाला ते अर्धं खरं होतं. मशीन मी बनवलेलं नाही, पण त्याच्या पोटातली ती नोंद माझी आहे. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या काम करते. काम कर्नलचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. बटण दाबलं, मोटर चालू झाली, व्होल्टेज पडलं, सगळं आधी त्याच्याकडं जातं. आत काय घडलं ते नंतर कळावं म्हणून प्रत्येक घटनेची नोंद ठेवतात, आणि त्या नोंदीचा साचा आधी कुणीतरी ठरवावा लागतो. कोणते रकाने, घटना घडताक्षणी त्यांत काय उतरवायचं, आणि पुढं कुणी वाचायला बसलं तर ते कसं दाखवायचं. चार वर्षांपूर्वी या पंप-कंट्रोलरसाठी तो साचा मी ठरवला. पुढं तोच कंट्रोलर आमच्या गावात बसला तेव्हा आईनं पेढे वाटले होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर मी लॅपटॉपवरून पंपघराच्या कंट्रोलरमध्ये शिरले; कंपनीला बाहेरून फक्त नोंद वाचता येते, पंपाला हात लावता येत नाही. माझ्या नावानं लॉगिन केलं, नोंद उघडली.

नऊ एप्रिल, दोन वाजून सात मिनिटं, पंप बंद, ऑपरेटर: मयूरी.

मी डोळे चोळले. चौदा एप्रिल, मयूरी. एकवीस, मयूरी.

मी? अगं बाई, नऊ एप्रिलला मी आईबरोबर नंदुरबारला होते, वर्षाची मिरची घ्यायला, बाजारात उभी राहून शिंकत होते!

दहा मिनिटांत सगळं लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर मी लॅपटॉप मिटून डोकं धरून बसले. नावाच्या रकान्यात मी नाव उतरवलंच नव्हतं. लॉगिन केलेल्या माणसाचं नाव मेमरीत ज्या जागी असतं, त्या जागेचा पत्ता तेवढा लिहिला होता. घटना घडताना पत्ता टिपला, आणि वाचताना त्या पत्त्यावर जे नाव सापडेल ते छापलं. म्हणजे रजिस्टरमध्ये "ओट्यावर बसलेला माणूस" असं लिहायचं, आणि महिन्याभरानं ते वाचताना ओट्यावर जो कोण बसला असेल त्याची कॉलर धरायची. थोडी जागा वाचावी म्हणून केलं होतं. पुण्यात तिघांनी तपासलं, तिघांनी ठीक आहे म्हटलं.

पंपघरात रोज सकाळी लॉगिन कोण करतं? जामसिंग. कमिटी गेली तेव्हा नोंद कुणाच्या लॉगिनवर उघडली? जामसिंगच्या. त्यानं आपल्या हातानं, विश्वासानं, उघडून दाखवली असणार. तिच्यात त्याचं नाव निघणारच होतं. दुसरं निघूच शकत नव्हतं.

स्वतःचा राग आला, पण खरं सांगते, गावाचा जास्त आला. माझी चूक आठ बाइटची, एका पत्त्याएवढी. यांना मात्र एका आदिवासी माणसाचं नाव दिसलं आणि कुणाच्या मनात क्षणभर शंकासुद्धा आली नाही. पुढचे तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. साचा पुन्हा लिहिला. आता पंप बंद होताक्षणी नावाचं अक्षर न् अक्षर रकान्यात उतरतं. कारणाचा रकाना आधी नव्हताच, तोही घातला: बटण, व्होल्टेज की तापमान. कारण कंट्रोलर फार तापला तर आपणहून पंप बंद करतो, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्याला जागा ठेवली नव्हती. शनिवारी सगळं तपासून ठेवलं. रविवारी सकाळी नवीन काही न चढवता, जुनी नोंद तशीच ठेवून, पंपघरी गेले.

मीटिंग पंपघरासमोरच्या निंबाखाली होती. वीस-बावीस माणसं. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर. जामसिंग बाजूला उभा, हात मागं बांधून. टेबलावर कबुलीचा कागद टाईप करून तयार, फक्त सही बाकी.

"काका, सहीच्या आधी एक काम करा," मी म्हणाले. "आत चला. तुमच्या नंबरानं लॉगिन करा आणि तुम्हीच नोंद उघडा."

"मले कसाले?"

"चेअरमन तुम्ही आहात म्हणून. चला ना."

सगळी गर्दी आत घुसली. काकांनी चष्मा लावला, एकेक आकडा दाबला, नोंद उघडली. भावेश नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला. "नऊ एप्रिल, दोन सात, पंप बंद, ऑपरेटर..." आणि थांबला.

"वाच की," मी म्हणाले.

"चुनीलाल."

"पुढचं?"

"चुनीलाल. हाई बी चुनीलालच शे."

दोन सेकंदही गेले नाहीत, चारी बाजूंनी गलका: "हाई मशीन बिघडी गयं!" "भलतंच काहीतरी दखाडस!" काका तर हसायलाच लागले.

माझा ताबा सुटला. "वा रे वा! आता बिघडलं? दहा दिवस हेच मशीन देवाचा शब्द होतं ना? जामसिंगचं नाव दाखवलं तेव्हा मशीन खोटं बोलत नाही, म्हणून कागद टाईप केलात, पोलिसांची भीती घातलीत. आणि काकांचं नाव आल्याबरोबर बिघडलं? एकाला तरी तेव्हा वाटलं का, की जरा दुसऱ्याच्या नंबरानं उघडून बघावं? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला!"

मग मी चूक समजावून सांगितली, ओट्यावरच्या माणसासकट, आणि ती माझी आहे हेही सांगितलं. लोक खाली बघायला लागले. मला वाटलं, झालं. जिंकले.

भावेशनं मान वर केली. "मंग पंप कोनी बंद करा?"

"माहीत नाही. कदाचित कुणीच नाही. उन्हानं कंट्रोलर तापून आपणहून बंद झाला असेल."

"नोंदमा नही का ते?"

"नाही. नाव कुठं उतरलंच नाही, कारणही नाही. ते आता कधीच सापडणार नाही."

"म्हनजे," भावेश हळू म्हणाला, "जामसिंगनी करा नही, असं बी काही सिद्ध व्हत नही."

मागून कुणीतरी "बरोबर शे" म्हटलं. आणि ते बरोबरच होतं. तीन दिवस राबून मी एवढंच मिळवलं होतं की नोंद रद्दी आहे. त्या माणसाच्या बाजूनं माझ्याकडं काडीचाही पुरावा नव्हता, आणि तो नसण्याला मीच कारण होते. रडू यायचंच बाकी होतं.

"ताई," जामसिंग म्हणाला. इतका वेळ तो दाराशी होता. "मी सांगू का?"

सगळे वळले.

"त्या तिन्ही दुपारले मी आठे नव्हतू. चुनीलालशेठना केळीमा व्हतू. त्यासना पाईप घडीघडी फुटे. शेठनीच फोन करी बलाई लिधं व्हतं. बारा वाजेपाईन चार वाजालोंग मी तठेच व्हतू. पंपघरले कुलूप व्हतं."

मी काकांकडं बघितलं. "काका, खरं आहे? बारा ते चार हा तुमच्या बागेत होता?"

"हा," काका म्हणाले. अगदी सहज. "व्हता मन्हाकडे. तिन्ही येळा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? दहा दिवस! कागद टाईप होताना तुम्ही तिथंच बसला होतात ना?"

"मशीन म्हने ना, त्यानी करा. मले वाटनं, मोबाईलवरतून करा व्हई. आन मले कोनी इचारं का?"

मोबाईलवरून पंप बंद करण्याची सोय त्या कंट्रोलरला नाही. काकांना ते माहीत होतं, ती सोय नको म्हणणारा ठराव त्यांच्याच सहीचा होता. मी बोट उगारलं. आता मी सख्ख्या काकाची वीस माणसांसमोर अशी काही खरडपट्टी काढणार होते की त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली असती.

"मलेबी कोनी इचारं नही," जामसिंग म्हणाला. "मी सांगाले गयू, तर भावेशशेठनी सांगं, आते मशीननी सांगी दिधं, तू गप ऱ्हाय." तो काकांकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

त्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. माझ्या घरापासून पंपघर पायी सात मिनिटं. आणि मी त्याच्यासाठी तीन दिवस त्या नोंदीची ओळ न् ओळ वाचत बसले होते. माझं बोट आपोआप खाली आलं.

काकांनी घसा खाकरला. "बरं बरं. व्हयनं ते व्हयनं. जामसिंग, उद्यापाईन कामवर ये." आणि त्यांनी तो कबुलीचा कागद घडी घालून खिशात टाकायला घेतला.

"नही शेठ," जामसिंग म्हणाला. "तो कागद पाठकोरा शे. आठे ठेवा. ताई, तुम्ही लिखा."

मी पेन काढलं. कागद उलटा करून कंट्रोलरच्या पेटीवर ठेवला.

"तारीख. तिन्ही." मी लिहिल्या. "टाईम. पंप बंद पडना. जामसिंग कोठे व्हता." मी लिहिलं. "कोनी बलायं व्हतं." मी काकांचं पूर्ण नाव लिहिलं.

"आते, कोनी कोनी मले इचारं नही, त्यासना नावं."

भावेशचं लिहिलं. कमिटीच्या बाकीच्या पाच जणांची लिहिली. काकांचं पुन्हा लिहिलं. मग मी वर बघितलं. जामसिंग वाट बघत होता.

मी माझं नाव लिहिलं, आणि सहीसाठी कागद पहिल्यांदा स्वतःकडंच ओढला.