मळका जुळा

ओसाकातल्या त्या रेल्वे कंपनीत आरक्षणासाठी दोन संगणक आले, तेव्हा किनुको कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रावर बसायची. दोन्ही संगणक कपाटाएवढे, हुबेहूब सारखे. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. काम थोरला करी; तो अडलाच, तर धाकटा ते पुढे ओढून नेई.

दोघं एकदम बंद पडण्याची शक्यता किती, हा हिशेब त्या खात्यातल्या गणिती नेझूबाईंचा. त्यांच्या शब्दावर खिडक्यांवरची कागदी आरक्षणं बंद झाली होती. आता नववर्षाच्या गर्दीत दोघंही रुसले असते, तर माणसं फलाटावर बसली असती आणि नेझूबाई कायमच्या घरी.

वर्षअखेरची झाडलोट निघाली. खातेप्रमुख कुरोइवासाहेब डोक्याला फडकं बांधून स्वतः बादलीशी बसले. थोरल्याची हवेची जाळी त्यांनी आपल्या हातांनी धुऊन बसवली. किनुको धाकट्याकडे वळली, तोच नेझूबाई आडव्या आल्या.

"याला हात लावायचा नाही."

"अहो, वर्षभराची धूळ आहे!" साहेब म्हणाले. "मळक्या घरी नववर्षाचे देव येतात होय?"

"देवांना सांगा, धाकट्याला गोवर आलाय."

सगळे खो खो हसले. साहेब नाही हसले. "उद्या अध्यक्ष पाहायला येणारेत, नेझूबाई. माझं नाक कापाल."

"साहेब, एकजण बंद पडायची शक्यता शंभरात एक धरा. दोघं एकदम पडायची मग दहा हजारांत एक. पण हा गुणाकार खरा कधी? एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गावी नसेल तेव्हा. एकाच दिवशी, एकाच हातांनी दोघांना न्हाऊ घातलं, की चूकही दोघांना एकच. मग कसला गुणाकार?"

"म्हणजे आमचे हात चुकतात?"

"माझेही चुकतात. म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी धाकट्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट साहेबांपुढे धरलं. साहेब कमरेत वाकले ते लवकर सरळच होईनात. संध्याकाळी घरी जाताना साहेब नेझूबाईंना एवढंच म्हणाले, "सुट्टी संपली की तुमच्या नोकरीचं बोलू."

परतीच्या गर्दीच्या ऐन सकाळी थोरला थांबला. जाळी ओलीच बसवली गेली होती. ओल आत शिरली. तेवढ्यात धाकटा म्हाताऱ्यासारखा घरघरला आणि कामाला लागला. खिडक्यांपुढच्या रांगांना काही कळलंही नाही.

दुपारी साहेबांनी धाकट्यापुढे मोचीचे, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे, दोन गोळे एकावर एक रचून वर संत्रं ठेवलं. नववर्षाला देवापुढे ठेवतात तसंच. "हरलो, नेझूबाई. तुमचा हिशेब सिद्ध झाला."

"एका सकाळवरून काय सिद्ध होतंय, साहेब? दोघंही ठणठणीत चालले असते, तरी मी हेच म्हटलं असतं." मग धाकट्याकडे बघत म्हणाल्या, "याला आता आंघोळ घाला खुशाल. पण थोरला बरा झाल्यावर, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं."

जिंकलेलं माणूस इतकं थोडं बोलताना किनुकोनं पुढे जन्मभरात पाहिलं नाही.

अजूनही वर्षअखेरीला तिची सून घर घासूनपुसून लख्ख करते आणि दोन हीटरांपैकी एकापाशी येऊन थबकते.

"सासूबाई, हा यंदाही असाच ठेवायचा?"

"राहू दे गं," किनुको म्हणते. "त्याला गोवर आलाय."