पदराआडची पोत

"पदर बाजूले कर वं, गळा पाहू दे," देवकाबाई दारातच पंचफुलाला म्हणाल्या.

वडनेरच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या नावाने भाकर वाटून खायच्या रविवारी बायांची अशी झडती होई. अंगावर दागिना नको, हा त्या ख्रिस्ती मंडळीचा नियम, आणि देवकाबाई त्या नियमाच्या फौजदार. पंचफुलाने पदर सारला. गळा मोकळा दिसला. सौभाग्याची काळी पोत गळ्यातून न काढता तिने खाली ओढून पोलक्याच्या आत पिनेने अडकवून ठेवली होती.

गेल्या साली बाप्तिस्मा घेताना तिने कुंकू सोडलं, पोतही सोडली, अगदी हसतमुखाने. नवरा हेमराज काही मंडळीत आला नाही. "तू जाय बापा, मले झोपू दे," एवढंच म्हणाला. पण परवा छातीत कळ येऊन तो सेवाग्रामच्या दवाखान्यात पडला, आणि पंचफुलाने पेटीतून पोत काढून पुन्हा गळ्यात घातली. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन होतं. त्याच्याजवळ नणंदेला बसवून ती आज प्रार्थनेपुरती गावी आली होती.

पोत काढावी तर त्याचं काही बरंवाईट होईल. आणि लबाडी मनात ठेवून प्रभूची भाकर खाल्ली तर शिक्षा घरावर येते, असं मंडळीत शिकवलेलं. कुठूनही पाहिलं तरी हेमराजच मरत होता. ती सतरंजीवर जाऊन बसली.

अण्णाजी पास्टर उपदेशाला उभे राहिले. "देव का तुमचे गळे पाहून राह्यला? तो काळीज पाहून राह्यला!"

"आमेन!" बाया म्हणाल्या, आणि एकमेकींचे गळे पाहू लागल्या.

पंचफुलाने मात्र मान खाली घातली. गळा देवकाबाईंना फसवू शकला होता. काळजाचं काय करायचं? तिथे तर पिनही लागत नव्हती.

भाकरीचं ताट रांगेतून सरकत जवळ आलं. तिने पोलक्यात हात घातला, पिन काढली आणि पोत पदरावर ओढून घेतली.

"अवं, हे काय?" देवकाबाई जवळजवळ ओरडल्याच.

"मले भेव वाटते, पास्टरजी," पंचफुला म्हणाली. "काढाची हिंमत नाई होत. अन् लपवून भाकर खाल्ली तं देवाले फसवल्यावानी होते. जे हाये थे असं हाये." तिने तळहात पुढे केला.

अण्णाजी थबकले. माणूस वाईट नव्हता, पण सगळी मंडळी बघत होती. त्यांनी एकदा देवकाबाईंकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि ताट पुढच्या बाईसमोर धरलं.

पंचफुला उठून गेली नाही. शेवटचं गीत संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. तळहात मिटायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळी ती वॉर्डात पोचली तेव्हा हेमराज जेवत होता. तिची नणंद डबा धुवायला गेली होती. त्याने बायकोच्या गळ्याकडे पाहिलं.

"आज बाहेर कशी थे?"

"आता नाई लपवत."

"मंग देवकाबाईनं भाकर देल्ली का तुले?"

तिने नाही म्हणून मान हलवली. इतका वेळ अडवून धरलेलं रडू आलंच. "उद्या तुमाले काई झालं तं? मायावाल्यानंच होईन."

"तुयावाल्यानं कायले? बिड्या का तू ओढल्या?" तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. ताटातली पोळी त्याने मोडली आणि अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. "खाय. सकाळपासून उपाशी असशीन."

पंचफुलाने डोळे मिटले, मंडळीत मिटतात तसे, आणि मगच पहिला घास घेतला.