दहा वाजताची देवी

"आली, देवी आली," म्हणत आयसीयूच्या काचेबाहेर वीस-पंचवीस माणसं हात जोडून उभी राहिली. आत बावीस वर्षांची मोनाली पलंग हलेपर्यंत थडथडत होती. अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात मीच तिचा डॉक्टर. खरं सांगतो, पोरगी माझ्या हातून निसटत चालली होती.

वांगी तोडताना साप चावला, किडन्या बंद पडल्या. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत नळी घातली, तर सहाव्या दिवसापासून तापाने फणफणली. दोनदा औषधं बदलली, ताप हटेना.

नांदगाव खंडेश्वरकडचे कुंडवाले महाराज मात्र नातेवाइकांच्या मोबाइलच्या स्पीकरवर निवांत होते. "दहा वाजता देवी अंगात येईन. बाहेरचं निघून राहिलं, भेऊ नोका." दोन दिवस अगदी दहाच्या सुमारास मोनाली थडथडली. लोकांना माझी कीव येऊ लागली.

तिसऱ्या दिवशीही महाराजांनी दहाच सांगितले. पण साडेनऊला लागायचं डायलिसिसचं मशीन ऐन वेळी बिघडलं. दहा वाजले, बारा वाजले, देवीचा पत्ता नाही. मशीन तीनला सुरू झालं आणि साडेतीनला मोनालीला हुडहुडी भरली.

"सर, देवीला मशीनची वेळ कोण कळवतं?" प्रतीक्षा सिस्टरने विचारलं.

मोनालीच्या आईला, गंगूबाईंना, आत बोलावलं. त्या म्हणाल्या, "महाराजाचा माणूस रोज सकाळी इचारते, मशीन कवा लागन म्हणून. आमी सांगून देतो."

मी नळीवरची पट्टी उघडली. खाली राखाडी चिखल.

"महाराजाच्या कुंडाच्या पाण्यात कालवलेला अंगारा हाये," गंगूबाई म्हणाल्या. " भोक हाये तिथूनच बाहेरचं निघते म्हणे. भेटीच्या वेळी म्या पट्टी उचलून लावला. नळीच्या टोपणातबी."

मी भयंकर चिडलो. मग आमची वही पाहिली. चार दिवस रोज 'पट्टी ठीक' लिहिलेलं, आणि एकानेही ती नीट पाहिलेली नव्हती. मला माझीच लाज वाटली.

तपासणीत नळीतल्या रक्तात आणि त्या अंगाऱ्यात एकच जंतू निघाला. मशीन सुरू झालं की नळीतले जंतू रक्तात ढकलले जात आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरे. तीच महाराजांची देवी.

ती नळी लगेच काढली, नंतर दुसऱ्या जागी नवी घातली. ताप उतरतो आहे, पण जंतू हृदयापर्यंत गेलेत. मोनाली वाचेल का, हे आज मला सांगता येत नाही.

"डाक्टर, म्या भल्यासाठीच केलं ना?" गंगूबाईंनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

काल घाईघाईत मी मोनालीच्या नव्या नळीकडे हात नेला, तर गंगूबाईंनी माझं मनगट धरलं.

"हात धुतले काय?"

धुतले नव्हते. मी मुकाट्याने बेसिनकडे गेलो. तुमचं माणूस आत असेल तर देवाला घरी बसून हवं तेवढं विनवा, नळीला बोट लावू नका. आणि आम्हा डॉक्टरांनाही असंच विचारा.